नक्कल मशीनचा दिवा

तक्रारीचा कागद तिसऱ्यांदा आला आणि धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्षर थोरल्याचं होतं. हे कागद येईपर्यंत चौदा वर्षांत तिनं ना त्याचं तोंड पाहिलं होतं ना अक्षर, पण ते उभट, कोरून काढल्यासारखं अक्षर विसरायचं म्हटलं तरी विसरणार कसं? सख्ख्या भावाचं होतं. ‘नक्कल मशीनचा दिवा सदोष आहे. तो काढून दुसऱ्या जातीचा बसवावा.’ बस्स, एवढंच. खाली सही आणि सहीखाली दोन रेघा.

“दुसऱ्या जातीचा म्हणे! दिवा आहे की गुलाबाचं कलम?” ती दुकानात एकटीच कडाडली.

राग वायफळ नव्हता. जन्म-मृत्यूच्या नोंदींचं ते कार्यालय. तिथले कॉम्प्युटर सांभाळायचं काम गेल्या वर्षी तिच्या दुकानाला मिळालं, तेव्हाच थोरला तिथं नोंदणी कारकून आहे हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर ती स्वतः कधी तो जिना चढली नव्हती; आपल्या कारागिराला पाठवायची. कारागीर महिन्याभरात दोनदा जाऊन आला होता आणि दोन्ही वेळा ‘दिवा ठीक’ असं लिहून, सही करून परतला होता. आता खुद्द साहेबांचा फोन आला. “मालकिणीनं स्वतः यावं, आज साडेचारला. तुमचा दिवा खराब आहे की माझा माणूस खोटारडा, एकदाच काय ते मला लेखी पाहिजे.”

माणूस खोटारडा आहे हे धाकटीनं फोनवरच सांगून टाकलं असतं. त्यासाठी जिने चढायची गरजच नव्हती.

चौदा वर्षांपूर्वी ते दुकान दोघांचं होतं. बहीण-भावानं मिळून थाटलेलं, दोन टेबलं, एक पंखा. तेव्हा धाकटीचं लग्न ठरत होतं आणि होणारा नवरा थोरल्याला डोळ्यांसमोर नको होता. “हा माणूस तुला बुडवेल,” असं तो आदल्या दिवशीच म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी तोच होणारा नवरा आपलं मशीन घेऊन दुकानात आला. वायरीचा प्लग तुटला होता. थोरल्यानं नवा प्लग बसवून दिला, होणाऱ्या नवऱ्यानं तो भिंतीत खोचला, कॅबिनेटवर हात ठेवला, आणि करंट लागून पाच फुटांवर जाऊन पडला. उजवा अंगठा भाजला. जीव वाचला हेच नशीब. धाकटीनं प्लग उघडून पाहिला तर लाल वायरच्या जागी हिरवी आणि हिरवीच्या जागी लाल. म्हणजे ज्या वायरीनं माणसाला वाचवायचं, तिच्यातूनच वीज थेट मशीनच्या पत्र्यावर आलेली.

“चूक झाली,” थोरला म्हणाला होता.

“चूक?” ती गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली होती. “लाल कुठली आणि हिरवी कुठली हे बालवाडीतलं पोर सांगेल! आंधळा आहेस का? मुद्दाम केलंस तू. मारायला निघाला होतास त्याला.”

गल्ली गोळा झाली होती. थोरल्यानं एकदाच तिच्याकडे पाहिलं, पक्कड टेबलावर ठेवली आणि निघून गेला. एका शब्दानं ‘नाही’ म्हणाला नाही. ज्याच्या मनात पाप नसतं तो निदान ‘नाही’ तरी म्हणतो की नाही? धाकटीनं हा हिशेब तेव्हाच मिटवून टाकला होता आणि पुन्हा कधी उघडला नव्हता.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. लांबट खोली, भिंतीला लागून लोखंडी कपाटं, पश्चिमेला एकच मोठी खिडकी आणि तिच्यातून थेट आत येणारं ऊन. खिडकीपाशी, जमिनीपासून गुडघाभर उंचीच्या घडवंचीवर ते नक्कल मशीन ठेवलेलं होतं. त्याला पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता. नुसतं काळं कॅबिनेट, एक बटण आणि बटणाशेजारी वाटाण्याएवढा एक दिवा. दिवसभरात झालेल्या नोंदींची नक्कल संध्याकाळी पाच वाजता आपोआप त्या मशीनमध्ये उतरायची. ती उतरत असेपर्यंत दिवा लाल, उतरून झाली की हिरवा. हिरवा झाल्यावर बटण दाबून मशीन बंद करायचं. भिंतीवर जाड अक्षरात कागदच डकवला होता: ‘दिवा लाल असताना बटण दाबू नये.’

हे बटण दाबायचं काम पूर्वी एक म्हातारे हेडक्लार्क करायचे. ते दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले आणि काम थोरल्याकडे आलं. त्यानंतर महिन्याभरात तीनदा त्यानं लाल दिव्यातच बटण दाबलं. पहिल्या दोन वेळा दिवसदिवसाच्या नोंदी उडाल्या. तिसऱ्या वेळी आतली डिस्कच बिघडली आणि चार हजार नावं पुन्हा टाइप करावी लागली. ती करणाऱ्या टायपिस्टबाई दारातच उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या चार हजारांतलं एकेक नाव होतं.

“आलात? बरं झालं,” टायपिस्टबाई म्हणाल्या. “माझी बोटं झिजली हो. मी तिकडून, माझ्या खुर्चीवरून ओरडले होते, अहो लाल आहे, लाल आहे! तरी यांनी दाबलं. नशीब म्हणायचं आमचं.”

थोरला घडवंचीपाशी उभा होता. पिकलाय बराच, असं धाकटीला वाटलं आणि वाटल्याचा रागही आला.

“नमस्कार बाई,” तो म्हणाला.

“नमस्कार. काय त्रास आहे तुम्हाला?” ती म्हणाली. बहिणीनं भावाला अहो-जाहो करायचं म्हणजे तोंडावर दार आपटण्यासारखंच आहे. पण तिनं केलं, आणि त्यानंही केलं.

“त्रास मला नाही, दिव्याला आहे. नीट दाखवत नाही.”

“माझा कारागीर दोनदा बघून गेला.”

“मग कारागिरालाही त्रास असेल.”

साहेब आतल्या खोलीतून आले. लहान चणीचा, इस्त्रीचा, घड्याळात बघून श्वास घेणारा माणूस. त्यांनी एक छापील कागद टेबलावर आपटला. “हे बघा बाई, मला रामायण नको. मशीनमध्ये दोष आहे की नाही, एवढंच लिहा. आहे म्हणालात तर तुमच्या दुकानाला जाब विचारीन, कारण तुमच्याच माणसानं दोनदा ठीक म्हणून सही केलीय. नाही म्हणालात, तर यांचं निलंबन. कागद तयार करायला सांगतोय. चला हो टायपिस्टबाई, आत या.”

टायपिस्टबाई मोठ्या उत्साहानं आत गेल्या. दोन मिनिटांत आतून टाइप करण्याचा आवाज यायला लागला. मघाशी बोटं झिजली म्हणणाऱ्या बाईंचा वेग बघण्यासारखा होता.

धाकटी जमिनीवर मांडी घालून बसली. कॅबिनेटचा पत्रा काढला, पुढची चौकट सैल केली. दिव्यामागून तीन बारीक वायरी मदरबोर्डाकडे गेल्या होत्या. त्या तिनं उपटल्या आणि बटणासारख्या चपट्या सेलला एकेक लावून पाहिल्या. लाल पेटला. हिरवा पेटला. पुन्हा जागेवर खोचल्या, मशीन चालू केलं, आपल्या लॅपटॉपवरून एक भलीमोठी फाइल त्यात ढकलली. दिवा टचकन लाल झाला आणि लालच राहिला. बिघाड कसला नि काय! ठणठणीत दिवा होता. तिला मनातून बरंच वाटलं. होय, बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं?

“आता बघा,” ती म्हणाली. “कुठला आहे?”

थोरल्यानं वाकून पाहिलं. मग दिव्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“हिरवा,” तो म्हणाला.

“हिरवा?”

“नाही… आत्ता बदलला. लाल.”

“बदलला नाही. मघापासून लालच आहे. माझी थट्टा करताय का तुम्ही?”

“मी सांगितलं ना, दाखवत नाही नीट.”

असा निर्ढावलेला माणूस तिनं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. डोळ्यादेखत खोटं, तेही इतकं बिनकामाचं! लिहावं ‘दोष नाही’ आणि उठावं, असं तिनं ठरवून टाकलं. फक्त चौकटीपर्यंत जाणारी एक वायर खरवडल्यासारखी दिसत होती. जाता जाता ती बदलून टाकावी, उगाच नंतर कुणी नाव ठेवायला नको. तिचा एक हात कॅबिनेटच्या आत अडकलेला होता.

“पिशवीतलं लाल वायरीचं भेंडोळं द्या,” ती मान न वळवता म्हणाली.

पिशवीत दोनच भेंडोळी होती, सारख्याच आकाराची. एक लाल, एक हिरवं. देणारा देतच नव्हता. तिनं वैतागून मान वळवली. थोरला खिडकीपाशी दोन्ही हातांत दोन भेंडोळी धरून उभा होता. एकदा हे उजेडात धरी, एकदा ते. अंगठा भेंडोळ्यावरून हळूहळू फिरवत होता, जसं काही तिथं बारीक अक्षरात काही लिहिलेलं असेल. मग त्यानं मान खाली घातली आणि हिरवं भेंडोळं तिच्यापुढे धरलं.

हा खोटं बोलणाऱ्याचा हात नव्हता.

धाकटीनं ते घेतलं नाही. तिला तो अंगठा आठवला. रंगीत खडूंवरून फिरणारा, खडूला गुंडाळलेल्या कागदावरचं नाव शोधणारा तोच अंगठा. तेव्हा थोरला अकरा वर्षांचा होता आणि ती आठची. रोज संध्याकाळी चित्रकलेच्या वहीपुढे बसून तो तिला हळूच विचारायचा, “हा कुठला गं?” कारण खडूवरचे कागद कधीच फाटून गेलेले असायचे. ती सांगायची. बदल्यात सायकलवर एक चक्कर मिळायची. एकदा त्यानं चक्कर द्यायला नकार दिला. मग धाकटीनं दुसऱ्या दिवशी हिरवा म्हणून तपकिरी खडू पुढे केला, गंमत म्हणून. त्यानं शाळेत अख्खी बाग तपकिरी रंगवली. पानं तपकिरी, गवत तपकिरी, वेली तपकिरी. मास्तरांनी ते चित्र फळ्याला लावलं आणि वर्ग पोट धरधरून हसला. घरी वडिलांनी, मास्तरांची मस्करी करतोस काय म्हणून, त्याच्या कानाखाली वाजवली. आणि धाकटी? ती ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगून हसवायची. दादाला कसा उल्लू बनवला!

त्या दिवसानंतर त्यानं तिला रंग कधीच विचारला नव्हता. कुणालाच विचारला नव्हता. ही एवढी साधी गोष्ट सेहेचाळीस वर्षांच्या, वायरींत आयुष्य घालवलेल्या बाईला आज कळत होती.

“तुला दिसत नाही,” ती म्हणाली. अहो-जाहो कुठल्या कुठे गळून पडलं. “लाल-हिरवं. तुला दोन्ही एकच दिसतं.”

थोरला झटकन तिच्याजवळ उकिडवा बसला. त्याचं तोंड इतकं जवळ आलं की तिला त्याचे दात दिसले.

“एक शब्द बाहेर काढशील तर याद राख,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “नोकरीला लागताना छापील फॉर्मवर सही केलीय मी, रंग ओळखता येतात म्हणून. खोटं निघालं तर निलंबन नाही, कायमचं घरी. नऊ वर्षं राहिलीत माझी. तुला लिहायचंय ना दोष नाही? लिही. पण तेवढंच लिही. पुढे एक अक्षर नको.”

“अरे पण…”

“लिही म्हटलं ना! माझ्यावर उपकार करू नकोस.”

आतलं टाइपिंग थांबलं. साहेब बाहेर आले, हातात गरम गरम कागद, मागे टायपिस्टबाई.

“झालं? काय निघालं?”

आता धाकटीपुढे तीन वाटा होत्या आणि तिन्ही वाईट. दोष नाही लिहिलं तर थोरला आज निलंबित. खरं काय ते सांगितलं तर कायमचा घरी. दोष आहे लिहिलं तर साहेब पुरावा मागणार, आणि दिवा तर ठणठणीत. तिनं खिडकीकडे पाहिलं. ऊन तिरपं होऊन घडवंचीच्या कडेपर्यंत आलेलं होतं, दिव्यापासून चार बोटं अलीकडे. तिनं उठल्यासारखं केलं, गुडघा कॅबिनेटला टेकवला आणि ते चार बोटं सरकवलं. ऊन सरळ दिव्यावर आलं. फाइल अजून उतरतच होती.

“साहेब, तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. “आत्ता कुठला आहे?”

साहेबांनी चष्मा सावरला. वाकले. डोळे बारीक केले. दिव्यावर उन्हाचा नुसता पांढरा ठिपका चमकत होता, लाल कुठं दिसत नव्हता.

“हिरवा,” साहेब म्हणाले.

धाकटीनं आपला तळहात दिव्यावर आडवा धरला. सावलीत दिवा लालभडक दिसला. टायपिस्टबाईंच्या तोंडून “अगंबाई!” निघून गेलं आणि त्यांनी लगेच तोंडावर हात ठेवला.

“आत्ता तुम्ही बटण दाबलं असतं, साहेब,” धाकटी म्हणाली. “पाच वाजता या खिडकीतून ऊन कुठं पडतं ते तुम्हाला माहीत आहे. बाई बाजूला, सावलीत बसतात, त्यांना दिसणारच. एका वाटाण्याएवढ्या दिव्यात दोन रंग कोंबायचे आणि त्यावर चार हजार माणसांचे जन्म-मृत्यू सोपवायचे, हाच दोष. दोन वेगळे दिवे पाहिजेत. एक मशीन चालू आहे हे सांगणारा, दुसरा नक्कल चालू आहे हे सांगणारा. नक्कलेचा डावीकडे; तो जळतोय तोवर हात लावायचा नाही. रंगाशी काही देणंघेणंच नको.”

साहेब लाल झाले. तो रंग बघणाऱ्या तिघांपैकी दोघींना दिसला.

“म्हणजे तुमच्या दुकानानं दोनदा आमच्या तोंडाला पानं पुसली,” ते म्हणाले. “दोष होता आणि तुमचा माणूस ठीक लिहून गेला!”

“हो.”

“हो काय? लाज वाटत नाही हो म्हणायला?”

“वाटते. कारागिराची चूक नाही, तो सावलीत बघून गेला. मी पहिल्याच वेळी यायला हवं होतं.”

“लिहा मग तसं! आणि हे दिवे आज बसवून द्यायचे, तुमच्या पदरचे. पुढच्या महिन्यापासून तुमचं काम बंद. दुसरं दुकान बघतो मी. लायकी नाही तुमची!”

धाकटी कुणाचं असं ऐकून घेणारी बाई नव्हे. एरवी तिनं साहेबांची इस्त्री उतरवली असती. पण ती मुकाट्यानं टेबलापाशी गेली, ‘दोष आहे’ लिहिलं आणि खाली आपल्या दुकानाची चूक कबूल करून सही केली. वर्षभराचं काम गेलं. साहेबांनी निलंबनाचा कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला, थोरल्याकडे न बघता. टायपिस्टबाई एवढंसं तोंड करून पर्स उचलून गेल्या. त्यांचे कष्ट फुकट गेले होते.

खोलीत बहीण-भाऊ दोघंच उरले.

तिनं चौकटीला बारीक ड्रिलनं दोन भोकं पाडली. दोन दिवे घेतले, दोन्ही पिवळे. डाव्याला लाल वायर, उजव्याला हिरवी, आणि दोघांनाही परतीची एकेक पांढरी. थोरला टॉर्च धरून उभा होता, उजेड मात्र हवा तिथं पाडत नव्हता.

“नीट धर,” ती म्हणाली.

“धरलाय.”

“तेव्हा का नाही सांगितलंस?” तिचं तिलाच नवल वाटलं, आवाज एवढा का चढला म्हणून. “गल्ली जमा झाली होती. मी तुला खुनी म्हटलं. एक वाक्य बोलला असतास! चौदा वर्षं मी तुला शिव्या घालतेय. चौदा वर्षं, दादा!”

थोरला हसला. त्या हसण्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

“कुणाला सांगायचं होतं? तुला?” तो म्हणाला. “तुला माहीत होतं.”

“मला कुठं…”

“अख्ख्या जगात एकट्या तुलाच माहीत होतं. आईला नाही, बाबांना नाही. रोज संध्याकाळी मी कुणाला विचारायचो? तुलाच ना? हा कुठला, हा कुठला. मला वाटलं, हिला कळलंय, म्हणून तर हिनं नेमका तपकिरी दिला. ज्याला दिसतं त्याला कोण फसवायला जाईल तपकिरी देऊन?”

धाकटीच्या हातातला स्क्रू घरंगळून कॅबिनेटच्या पोटात गेला.

“त्या दिवशी दुकानात,” तो पुढे म्हणाला, “तो प्लग हातात होता आणि तू समोर बसली होतीस, दोन हातांवर. एरवी मी टेस्टर लावून बघायचो. टेस्टर सापडेना, आणि तुझा तो नवरदेव उठून उठून घड्याळ बघत होता. वाटलं, हिला विचारावं. मग आठवली ती बाग. नाही विचारलं. अंदाजानं लावल्या. आणि तू उठून सगळ्यांसमोर काय म्हणालीस? आंधळा आहेस का. लाल-हिरवं बालवाडीतलं पोर सांगेल. मला वाटलं, वा! सगळं माहीत असून म्हणतेय. असल्या बाईला ‘नाही’ तरी कशाला म्हणायचं?”

“मी आठ वर्षांची होते रे. मला गंमत वाटली होती.”

“आणि बत्तीसची झालीस तेव्हा?”

चौदा वर्षं दोघंही एकमेकांना पक्के दुष्ट समजून जगली होती, आणि तिच्या दुष्टपणाचा पुरावा त्याच्याकडे तिच्यापेक्षा जुना होता. तिला रडू फुटलं. तिनं ते बाहीनं पुसलं आणि कॅबिनेटमध्ये हात घालून स्क्रू शोधायला लागली.

“मग या तीन वेळा काय झालं?” तिनं आत बोटं चाचपडत विचारलं. “रोज कसं कळायचं तुला नक्कल झाली ते?”

“कानानं. आतली डिस्क कुरकुरते ना, ती थांबली की झालं. त्या तीन दिवशी खाली रस्ता खोदायचं यंत्र चालू होतं. काही ऐकूच येईना. बाई ओरडल्या म्हणे लाल आहे, तेही नाही आलं ऐकू.”

मग स्क्रू सापडला, तिनं दोन्ही दिवे चौकटीत घट्ट बसवले आणि चार वायरी मदरबोर्डाकडे ओढून घेतल्या. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक खिळ्यांची रांग होती. डिस्कचे दोन, चालू-बंदचे दोन. खोचायचं काम तिला पाच सेकंदांचं होतं. पण तिनं हात मागे घेतला आणि सरकून जागा केली.

“तू लाव,” ती म्हणाली. “रोज तुलाच बघायचंय.”

थोरला खाली बसला. गुडघे कडकड वाजले त्याचे. त्यानं टॉर्च घडवंचीवर ठेवला, वायरींची टोकं बोटांत धरली आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. नंतर दोन टोकं तिच्यासमोर धरली. तिच्याकडे बघितलं नाही.

“हा कुठला?” तो म्हणाला.

अडतीस वर्षांनी त्यानं विचारलं होतं.

“ही लाल,” तिनं बोट ठेवून सांगितलं. “डाव्या दिव्याची. ही हिरवी, उजव्याची. खरं सांगतेय, दादा.”

त्यानं मान हलवली. मग हात लांब करून तिच्या पिशवीतला वायरी तपासायचा मीटर काढला, त्याचा खटका दिव्याच्या खुणेवर फिरवला, आणि ती जिला लाल म्हणाली होती त्या वायरीला एक सुई, तिच्या जोडीच्या पांढऱ्या वायरीला दुसरी सुई टेकवून चौकटीकडे पाहिलं. डावा दिवा मंद पेटला. तो मिनिटभर त्याच्याकडे बघत राहिला. वायरीच्या टोकाजवळ त्यानं एक छोटी गाठ मारली.

मग त्यानं दुसरी वायरही मीटर लावून तपासली.